कॅनडाचा पीआर: आधी लँडिंग उरकून यायचं की सामानासकट एकदाच जायचं?

सीओपीआर, म्हणजे पीआर (कायमचं वास्तव्य) मंजूर झाल्याचा कागद, हातात पडला म्हणजे पीआर झाला, असं नाही. कॅनडाच्या विमानतळावर अधिकारी कागद तपासून लँडिंग नोंदवतो, त्या दिवशी तुम्ही पीआर होता. पीआर टिकवायला कॅनडात जे दिवस राहावं लागतं, त्यांची पाच वर्षांची मोजणीही तिथूनच सुरू होते. पीआर कार्डावरची तारीख वेगळी असते, आणि इथे पुष्कळ जण फसतात.

शेवटची मुदत सीओपीआरवरच छापलेली असते. बहुतेकदा ती मेडिकलपासून (अर्जासाठीच्या वैद्यकीय तपासणीपासून) १२ महिन्यांची असते. पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर पासपोर्टची. मेडिकल जानेवारीत झालं आणि सीओपीआर ऑगस्टात आला, तर हातात पाचच महिने उरतात. मुदतवाढीच्या भरवशावर राहू नका.

त्या मुदतीत नोटीस पिरियड आणि घराचं आवरून निघणं जमत असेल, तर आमच्या मते एकदाच जावं. दोनदा तिकिटं काढण्यात अर्थ नाही. मुलाची दहावी, फ्लॅटचा व्यवहार, आईवडिलांचं आजारपण अशा कारणाने मुदत हुकणार असेल तरच सॉफ्ट लँडिंग, म्हणजे आठ-दहा दिवस जाऊन परत येणं.

मग हिशोब असा. पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहावं लागतं, सलग नसले तरी चालतात. समजा १० जून २०२६ला लँडिंग केलं आणि कायमचे जून २०२८मध्ये गेलात, तर पुढच्या तीन वर्षांत साधारण एक वर्ष बाहेर राहण्याची मुभा उरते. तेच जून २०२९पर्यंत लांबलं, तर उरलेली दोन वर्षं म्हणजे जेमतेम ७३० दिवस. दिवाळीला पंधरा दिवस गावी आलात की गणित तुटलं. दिवस कमी पडले म्हणून पीआर आपोआप जात नाही, पण सीमेवर किंवा कार्ड नूतनीकरणाच्या वेळी विचारणा झाली की उत्तर द्यावं लागतं. नागरिकत्वाला १,०९५ दिवस लागतात, त्यामुळे सॉफ्ट लँडिंगनंतर भारतात घालवलेला काळ त्या बाजूनेही वायाच जातो.

कार्ड पोस्टाने येतं आणि तेही कॅनडातल्याच पत्त्यावर. नातेवाइकाचा पत्ता चालतो, पण तो माणूस पत्र उघडून तुम्हाला कळवणारा हवा. लँडिंगपासून १८० दिवसांत पत्ता दिला नाही, तर शुल्क भरून कार्डासाठी नवा अर्ज करावा लागतो. कार्डाशिवाय परत जायचं तर एअरलाइन विमानात बसू देत नाही. त्यासाठी पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंट, म्हणजे परतीच्या प्रवासाचा कागद, काढावं लागतं, आणि त्या अर्जात तुमचे दिवस तपासले जातात. पत्ता एकदाच जाणाऱ्यालाही द्यावा लागतो, पण कार्ड येईपर्यंत तो तिथेच असल्याने बाकीची कटकट सहसा उरत नाही.

तिसरी वाटही आहे: मुख्य अर्जदार आधी, कुटुंब मागून. क्रम उलटा चालत नाही, अर्जदार पहिला किंवा सोबतच लागतो. मागे राहिलेल्यांना स्वतःच्या सीओपीआरची मुदत पाळावीच लागते.

घरात बाळ येणार असेल तर

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. सॉफ्ट लँडिंग करून परतल्यावर भारतात बाळ झालं, तर ते पीआर नसतं. त्याला स्पॉन्सर करायचं, म्हणजे कुटुंबीय म्हणून त्याच्या पीआरसाठी अर्ज करायचा, तर आई किंवा वडील कॅनडात राहत असायला हवेत, कारण भारतात राहणाऱ्या पीआरला स्पॉन्सर करता येत नाही. ती सवलत फक्त नागरिकांना आहे. म्हणजे एकाने आधी जाऊन तिथे बस्तान बसवायचं आणि तान्हं बाळ कागद होईपर्यंत दुसऱ्याकडे इकडे.

बाळ लँडिंगच्या आधी झालं, तर निघू नका. आधी इमिग्रेशनला कळवा, बाळाचं मेडिकल करा, कागद बदलून येऊ द्या. बाळ किंवा लग्न न सांगता लँडिंग केलं, तर पुढे त्या बाळाला किंवा जोडीदाराला फॅमिली क्लासमधून (कुटुंबीयांना स्पॉन्सर करण्याच्या वर्गातून) आणण्याची वाट साधारणपणे बंद होते. लग्न ठरलंय पण झालं नाही, तर तारीख लँडिंगच्या अलीकडे घ्यायची की पलीकडे, हे हॉल बुक करण्याआधी ठरवा.

कर आणि शाळा

भारतातलं घर-कुटुंब तसंच ठेवून आठवडाभर गेलात, तर एवढ्यावरून कॅनडा तुम्हाला सहसा करनिवासी, म्हणजे करासाठी तिथला रहिवासी, धरत नाही. कायमचे गेलात की धरतो. त्या दिवशी तुमच्याकडे असलेले शेअर आणि पुण्यातला फ्लॅट यांचा त्या दिवसाचा बाजारभाव हीच तिथल्या करासाठी मूळ किंमत, म्हणजे पुढे विकताना नफा तिथून मोजतात. म्हणून निघण्याच्या आठवड्यातलं डीमॅट स्टेटमेंट आणि फ्लॅटचा व्हॅल्युएशन रिपोर्ट जपून ठेवा. दहा वर्षांनी फ्लॅट विकताना तो काढून द्यावा लागेल. भारताच्या बाजूने, नोकरीसाठी निघणाऱ्याचे आर्थिक वर्षातले दिवस १८२च्या आत राहिले तर तो अनिवासी ठरतो. २८ सप्टेंबरपर्यंत निघालात तर मोजणी १८१वर थांबते.

शाळेचं वर्ष तिथे सप्टेंबरात सुरू होतं. आपल्याकडची परीक्षा एप्रिलमध्ये आटोपून जुलै-ऑगस्टमध्ये पोचणं मुलांना सोयीचं, आणि करालाही तीच तारीख बरी पडते. जानेवारीत पोचलात तर उणे तापमानात भाड्याचं घर शोधावं लागतं.

सॉफ्ट लँडिंगच्या वेळीच मागून येणाऱ्या सामानाची यादी कस्टम्सला द्या. बीएसएफ१८६ नावाचा फॉर्म असतो, त्यात वस्तू, अंदाजे किंमत आणि दागिने असतील तर फोटो. पहिल्या खेपेला यादी दिली नाही, तर पुढे कंटेनरमधल्या मिक्सरपासून मंगळसूत्रापर्यंत ड्युटीचा वाद होऊ शकतो.