म्युनिकमध्ये बस्तान बसवून देणारी सेवा : दीड वर्षानंतरचे परीक्षण

पुण्याहून म्युनिकला नोकरीसाठी येताना कंपनीच्या नेमणूकपत्रात 'स्थलांतर साहाय्य, ९० दिवस' अशी एक ओळ होती. विमानाची तिकिटे आणि सामानाचा खर्च यांच्या खाली ती असल्यामुळे मी आणि माझ्या पतींनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. प्रत्यक्षात ती एका खासगी रिलोकेशन संस्थेची सेवा होती आणि तिचे तीन हजार युरोंच्या आसपासचे बिल कंपनीने भरले. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे संस्थेचे नाव लिहीत नाही. शिवाय इथल्या मराठी सहकाऱ्यांना अशाच दुसऱ्या संस्थांकडून मिळालेली सेवा याच साच्यातली होती. त्यामुळे यातले काय कामाचे ठरले आणि कशासाठी पैसे मोजू नयेत, हे सांगणे नावापेक्षा जास्त उपयोगाचे वाटते.

सर्वांत मोठे काम घराचे होते आणि तिथे या संस्थेने आपले मोल वसूल करून दिले. म्युनिकमध्ये घर मिळवणे नोकरी मिळवण्याहून अवघड आहे, असे इथे आलेला प्रत्येक जण सांगतो. नोकरीच्या मुलाखतीत निदान समोरच्यालाही आपली गरज असते. घरमालक शेवटची तीन पगारपत्रके, शूफा या संस्थेचा पतदाखला आणि आधीच्या घराचे भाडे थकलेले नसल्याचे पत्र मागतो, आणि नुकत्याच उतरलेल्या माणसाकडे यांतले एकही कागदपत्र नसते. आमच्या सल्लागार बाईंनी या उणिवेवर उपाय म्हणून नोकरीचा करार, कंपनीचे शिफारसपत्र, व्हिसाच्या प्रती आणि आम्हा तिघांची ओळख करून देणारे एक पानी जर्मन पत्र अशी फाइल तयार केली. त्या पत्रात माझा हुद्दा, मुलीचे वय, धूम्रपान नाही, पाळीव प्राणी नाही, कोणी वाद्य वाजवत नाही, असा सगळा तपशील होता. वाचताना लग्नाच्या बायोडेटाची आठवण झाली. पत्रिका तेवढी जोडायची राहिली होती.

सहा आठवड्यांत आम्ही अकरा घरे पाहिली. त्यांपैकी चार घरांत स्वयंपाकघर नव्हते, म्हणजे खोली होती, पण ओटा, शेगडी, सिंक, कपाटे यांपैकी काहीच नव्हते आणि भिंतीतून फक्त नळाचे पाइप बाहेर आलेले होते. जर्मनीत भाडेकरू अनेकदा आपले स्वयंपाकघर स्वतः बसवतो आणि सोडताना ते उचलून नेतो किंवा पुढच्या भाडेकरूला विकतो. आम्ही जे घर घेतले तिथल्या आधीच्या कुटुंबाने ओटा आणि कपाटांसाठी सांगितलेल्या रकमेतून बाईंनी सहाशे युरो कमी करून घेतले. ही घासाघीस आमच्याच्याने जर्मनमध्ये झाली नसती. त्याच भेटीत घरमालकांनी आम्ही रोज स्वयंपाक करतो का, असे विचारले. त्यामागचा खरा प्रश्न ओल आणि बुरशीचा आहे हे ओळखून बाईंनी आमच्या आधीच उत्तर दिले की, हे कुटुंब हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटे हवा खेळती ठेवील. आम्ही तो शब्द पाळतो, पण मोहरीच्या फोडणीने पॅसेजमधला धुराचा अलार्म पहिल्याच आठवड्यात दोनदा वाजला, हे इथे प्रामाणिकपणे नोंदवते. बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियात, असे अलार्म झोपण्याच्या खोल्यांत आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये कायद्याने असावेच लागतात, त्यामुळे तो काढून ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

करार करतानाही बाईंचा उपयोग झाला. अनामत रक्कम नुसत्या भाड्याच्या, म्हणजे हीटिंग आणि देखभालीचा खर्च वगळून उरणाऱ्या काल्टमीटेच्या, तिपटीहून जास्त घेता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला असतो. हे आम्हाला ठाऊक नव्हते, आणि एकरकमी ४,३५० युरो भरायला आम्ही तयार झालो होतो. ताबा घेण्याच्या दिवशी त्या जवळजवळ दोन तास भिंतींवरचे खिळ्यांचे व्रण, लाकडी फरशीवरचा ओरखडा आणि वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे ताबापत्रकात लिहून घेत होत्या. तेव्हा हा मला अतिरेक वाटला होता. नंतर घर सोडताना अनामत रकमेवरून भांडणे झालेल्या दोन सहकाऱ्यांच्या कहाण्या ऐकल्यावर त्या पत्रकाची एक प्रत पासपोर्टांच्या पाकिटात ठेवली.

त्यानंतरचे काम पत्तानोंदणीचे, म्हणजे आनमेल्डुंगचे. घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते आणि तिच्यासोबत घरमालकाच्या सहीचे एक पत्र लागते, ज्याचे जर्मन नाव उच्चारेपर्यंत आपला क्रमांक पुकारला जातो. रुपर्टश्ट्रासवरच्या महापालिका कार्यालयाची वेळ संस्थेने आधीच घेतली होती, सगळे फॉर्म भरलेले होते आणि वीस मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. सोयीचे होते, यात शंका नाही. पण वेळ ऑनलाइन मिळते, फॉर्म दोन पानी आहे आणि पाच महिन्यांनी आलेल्या एका मित्राने हे सारे कोणाच्याही मदतीशिवाय केले.

चूक झाली ती यानंतर, आणि इतक्या साध्या गोष्टीत की अजून आश्चर्य वाटते. जर्मनीत सहसा पत्त्यामध्ये फ्लॅट क्रमांक नसतो. पोस्टमन इमारतीच्या दाराशी लावलेल्या टपालपेट्यांवर आडनाव शोधतो आणि ते दिसले नाही तर पत्र परत जाते. आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचेच नाव होते. नावाची पट्टी इमारतीची व्यवस्थापन संस्था यथावकाश बदलेल, तोवर कागदाची चिठ्ठी चिकटवा, एवढे एक वाक्य कोणी सांगितले असते तर पुरे होते. नोंदणीनंतर टपालाने येणारा अकरा अंकी करक्रमांक त्यामुळे आमच्यापर्यंत पोहोचला नाही, आणि तो कंपनीला देता न आल्यामुळे पहिल्या पगारातून सर्वांत जड अशा सहाव्या करवर्गाने कर कापला गेला. ती रक्कम पुढे परत मिळाली, पण तो पहिला महिना अनामतीचा हप्ता आणि ओट्याचे पैसे यांचाही होता. आमच्या तक्रारीला संस्थेने सभ्य शब्दांत दिलेले उत्तर असे होते की, टपालपेटी सेवेच्या कक्षेत येत नाही.

मुलीच्या बालवाडीसाठी 'शोधसाहाय्य' असा वेगळा रकाना सेवेच्या पत्रकात होता. त्या रकान्याखाली आम्हाला शहराच्या किटाफाइंडर या संकेतस्थळाचा दुवा आणि परिसरातल्या बालवाड्यांची यादी पाठवण्यात आली, यापलीकडे काही नाही. वय वर्षे एक पूर्ण झालेल्या मुलाला बालसंगोपनाच्या जागेचा हक्क २०१३पासून कायद्याने आहे. तरीही जागा मिळण्यासाठी दारोदार जाऊन मुख्याध्यापिकांशी बोलावे लागते, हे आम्हाला महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात भेटलेल्या एका आईने सांगितले आणि कोणत्या दिवशी कुठे जायचे तेही. माझ्या पतींसाठी ठेवलेले 'जोडीदार मार्गदर्शन' एका फोनपुरते होते. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा युरोपीय निवास-परवाना, असणाऱ्याच्या जोडीदाराला इथे नोकरी करण्याची पूर्ण मुभा असते, हे त्यांना त्या फोनआधीच माहीत होते.

वाहन परवान्याबाबतचे मौन मला सर्वांत खटकले. भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. लेखी परीक्षा इंग्रजीसह अनेक परकीय भाषांत देता येते, हिंदी मात्र त्यांत नाही. हे पाचव्या महिन्यात एका सहकाऱ्याकडून कळले. पहिल्याच आठवड्यात कळले असते तर थंडीपूर्वी शिकवणी लावली असती. याउलट घरामागे दरमहा १८.३६ युरो असा, टीव्ही असो वा नसो, द्यावाच लागणारा प्रसारण-आकार मात्र बाईंनी पहिल्या दिवशीच समजावला होता. त्यामुळे त्या आकाराच्या मागणीचे पत्र आल्यावर आम्ही फसवणूक समजून ते फेकले नाही.

कंपनी बिल भरत असेल तर पूर्ण सेवा अवश्य घ्यावी. स्वतःच्या खिशातून द्यायचे असल्यास संस्थेला घरशोध, करारवाचन आणि ताबा या तीन कामांचा वेगळा दर विचारावा. आमच्या संस्थेकडे तो होता, पण विचारल्याशिवाय सांगितला जात नव्हता. भाषा येत असेल आणि एखाद-दोन दिवस रजा घेता येत असेल तर बाकीची कामे आपली आपण होतात.

नव्वदावा दिवस उलटल्यावर सेवा थांबली. वर्षभराने हीटिंग आणि देखभालीच्या खर्चाचा हिशेब आला आणि त्यातल्या दोन रकमा आम्हाला पटल्या नाहीत, तेव्हा संस्थेने तासाच्या दराने सल्ला देऊ केला. आम्ही त्याऐवजी म्युनिकच्या भाडेकरू संघाचे वर्षाचे सभासदत्व घेतले आणि पुढच्याच आठवड्यात तो हिशेब घेऊन त्यांच्या वकिलांसमोर बसलो.