यादवी युद्ध, पुनर्रचना की न्यू डील: अमेरिकी इतिहासावरील निबंधासाठी विषय निवडताना

अमेरिकेतील महाविद्यालयात पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकी इतिहासाचा सर्वसाधारण अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्याला सत्राच्या शेवटी बहुधा एक मोठा निबंध लिहावा लागतो, आणि महाराष्ट्रात एम.ए.च्या वर्गात अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर निवडणाऱ्यालाही जवळपास त्याच प्रश्नांना सामोरे जावे लागते. प्रश्नांची यादी लांबलचक असली तरी तीन विषय तीत वारंवार येतात: १८६१ चे यादवी युद्ध का झाले, १८६५ ते १८७७ या काळातील पुनर्रचना (युद्धानंतर दक्षिणेची नव्याने घडी बसवून मुक्त झालेल्या गुलामांना हक्क देण्याचा प्रयत्न) का फसली, आणि १९३३ नंतरच्या न्यू डीलने (महामंदीवर उपाय म्हणून रूझवेल्ट सरकारने आखलेल्या कार्यक्रमाने) नेमके काय साधले. पाच-सहा पानांचा निबंध आणि हाताशी तीन-चार आठवडे, अशी स्थिती गृहीत धरून या तिन्ही विषयांची तुलना येथे केली आहे. माझा कौल पुनर्रचनेला आहे. मात्र तो सर्वांना सरसकट लागू पडणारा नाही.

विषय निवडताना बहुतेक जण ‘कशावर जास्त माहिती मिळेल’ असे विचारतात. तिन्ही विषयांवर एका आयुष्यात वाचून होणार नाही इतके साहित्य छापलेले आहे, त्यामुळे या प्रश्नाने निवड होत नाही. विचारायचे ते असे: मी जे मुख्य विधान मांडणार आहे ते एखाद्या समंजस वाचकाला अमान्य करता येईल का, आणि त्या वादाचा निर्णय करण्यासाठी लागणारी समकालीन साधने मला या मुदतीत स्वतः वाचता येतील का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असेल तर निबंधाचे माहितीपर टिपण होते, आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल तर इतरांच्या मतांची उजळणी होते.

यादवी युद्धाची कारणे

हा विषय सर्वांत सोपा वाटतो आणि त्यातच त्याचा धोका आहे. गुलामगिरी, राज्यांचे हक्क, जकात आणि उत्तर-दक्षिणेच्या अर्थव्यवस्थांमधील फरक अशी चार कारणे ओळीने मांडून प्रत्येकाला एकेक परिच्छेद देणारा निबंध दरवर्षी असंख्य विद्यार्थी लिहितात. समकालीन कागद वाचले की ही समान वाटणी टिकत नाही. दक्षिण कॅरोलिनाने २० डिसेंबर १८६० रोजी संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव केला आणि चार दिवसांनी आपली कारणे जाहीर केली. त्यातील मुख्य तक्रार अशी की उत्तरेकडील राज्ये पळून आलेले गुलाम परत करीत नाहीत. म्हणजे तक्रार उत्तरेकडील राज्यांनी आपले हक्क वापरल्याबद्दलची होती. मिसिसिपीच्या जाहीरनाम्याने आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णतः एकरूप असल्याचे निःसंदिग्धपणे म्हटले. फुटून निघालेल्या राज्यांनी स्थापलेल्या दक्षिणेच्या महासंघाचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात वांशिक विषमता हीच नव्या राज्यव्यवस्थेची कोनशिला असल्याचे सांगितले. जकातीचे कारण तर तारखांसमोरच उभे राहत नाही: आयातीवरील कर वाढवणारा मॉरिल कायदा मार्च १८६१ मध्ये संमत झाला, आणि तोपर्यंत सात राज्ये फुटून गेलेली होती. राज्यांच्या हक्कांची मांडणी मुख्यतः युद्धानंतर पुढे रेटली गेली, आणि ती रेटणाऱ्यांत स्वतः स्टीफन्स आणि महासंघाचे अध्यक्ष राहिलेले जेफर्सन डेव्हिस होते.

त्यामुळे ‘युद्ध गुलामगिरीमुळे झाले का’ हा प्रश्न आता खुला राहिलेला नाही. तो विचारणारा निबंध बरोबर असू शकतो, पण पहिल्या कसोटीला उतरत नाही. हाच विषय घ्यायचा असेल तर प्रश्न एक पाऊल पुढे न्यावा लागतो. गुलामगिरी असलेली राज्ये पंधरा होती; त्यांपैकी अकराच का फुटली, आणि डेलावेअर, मेरीलँड, केंटकी व मिझुरी का थांबली? १८६० च्या जनगणनेत दक्षिण कॅरोलिना आणि मिसिसिपी येथे निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती, तर डेलावेअरमध्ये ती दोन टक्क्यांहूनही कमी होती. व्हर्जिनिया, उत्तर कॅरोलिना, टेनेसी आणि आर्कान्सा ही मधल्या प्रमाणाची राज्ये एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने केंद्र सरकारच्या ताब्यातील सम्टर किल्ल्यावर तोफा डागून युद्धाला तोंड फोडेपर्यंत थांबली आणि त्यानंतर निघाली. हा क्रम लावून दाखवणे, आणि मग व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडील जिल्ह्यांनी आपल्याच राज्यातून वेगळे होणे का पसंत केले हे तपासणे, यातून पाच पानांचा खणखणीत निबंध उभा राहतो. साधनेही आटोपशीर आहेत. दक्षिण कॅरोलिना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सास या चार राज्यांचे जाहीरनामे येल विद्यापीठाच्या अ‍ॅव्हलॉन प्रकल्पाच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात आणि दोन संध्याकाळींत वाचून होतात.

पुनर्रचना

पुनर्रचनेच्या बाबतीत ‘का फसली’ हा प्रश्न खरोखर खुला आहे, आणि तो खुला असण्याचे कारण म्हणजे इथे एकाहून अधिक उत्तरांना भक्कम पुरावा आहे. तेराव्या घटनादुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी संपवली, चौदाव्या दुरुस्तीने १८६८ मध्ये नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले, आणि पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास बंदी केली. त्याच वर्षी मिसिसिपीचे हायरम रेव्हेल्स हे सिनेटमध्ये बसणारे पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. एवढे सारे पाच वर्षांत घडले, आणि त्यानंतर सात वर्षांत दक्षिणेतील शेवटच्या रिपब्लिकन सरकारांना असलेला केंद्राच्या लष्कराचा आधार काढून घेण्यात आला. या उताराची जबाबदारी कोणावर टाकायची?

एक उत्तर जमिनीचे आहे. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांच्या आदेशाने दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडा यांच्या किनारपट्टीवरील जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी राखून ठेवण्यात आली. प्रत्येक कुटुंबाला जास्तीत जास्त चाळीस एकर. लिंकन यांच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना माफी दिली आणि त्याच वर्षी जमिनी परत करायला सुरुवात झाली. एडिस्टो बेटावरील मुक्त लोकांनी ऑक्टोबर १८६५ मध्ये याविरुद्ध लिहिलेले अर्ज आजही उपलब्ध आहेत, आणि मेरीलँड विद्यापीठाच्या मुक्तिकाळावरील प्रकल्पाने ते वाचकांसाठी खुले केले आहेत. आपण ज्या जमिनीवर राबलो ती आपल्याला फटके मारणाऱ्याच्याच हाती परत जात आहे, ही त्यांतील तक्रार वाचल्यावर पुढील पन्नास वर्षांची वाट्याची शेती आणि कर्जबाजारीपणा कोठून आला हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरे उत्तर हिंसेचे आणि न्यायालयांचे आहे, आणि माझ्या मते मर्यादित लांबीच्या निबंधाला तेच अधिक मानवते. लुइझियानातील कोलफॅक्स येथे १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, गोऱ्या सशस्त्र टोळीने न्यायालयाच्या इमारतीचा आश्रय घेतलेल्या कृष्णवर्णीयांची कत्तल केली. त्यांतील अनेकांना शरण आल्यानंतर मारण्यात आले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानातीलच खाटीकखान्यांच्या खटल्यात चौदाव्या दुरुस्तीचा अर्थ अतिशय आकुंचित केला. कोलफॅक्सच्या मोजक्या आरोपींना झालेली शिक्षाही १८७६ मध्ये क्रूइकशँक खटल्यात रद्द ठरली, कारण ही दुरुस्ती राज्यांवर बंधन घालते, खासगी व्यक्तींवर नाही, असे न्यायालयाने म्हटले. एक गाव, एक दिवस आणि एक निकाल हाती धरून केंद्र सरकारची ताकद कशी गळत गेली हे दाखवता येते. त्याला जोड म्हणून कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या गुप्त संघटनेच्या अत्याचारांची संसदीय समितीने १८७१ मध्ये घेतलेली चौकशी आहे. तिचे तेरा खंड छापले गेले आणि त्यांत ज्यांच्यावर हल्ले झाले त्या स्त्री-पुरुषांच्या स्वतःच्या साक्षी आहेत. एका राज्याचा एकच खंड घेऊन त्यातील पाच-सहा साक्षी वाचल्या तरी निबंधाला पुरेसा आधार मिळतो.

तिसरे उत्तर उत्तरेच्या थकव्याचे. १८७३ च्या सप्टेंबरात आर्थिक संकट कोसळले, १८७४ च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृह डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेले, आणि १८७६ ची वादग्रस्त अध्यक्षीय निवडणूक १८५ विरुद्ध १८४ अशा एका निर्वाचक-मताच्या फरकाने रिपब्लिकन पक्षाचे रदरफोर्ड हेझ यांच्या पारड्यात पडली.

या विषयाचा आणखी एक लाभ असा की इतिहासलेखनाचाच इतिहास त्यात स्पष्ट दिसतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांच्या शिष्यांनी पुनर्रचना ही दक्षिणेवर लादलेली भ्रष्ट राजवट होती असे मांडले, डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९३५ मध्ये मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना केंद्रस्थानी ठेवून ती मांडणी मोडून काढली. आणि १९८८ मध्ये एरिक फोनर यांच्या ग्रंथाने आजची सर्वमान्य चौकट दिली. पूर्वसूरींच्या मतांचा आढावा एका परिच्छेदात इतक्या नेमकेपणाने देता येईल असे विषय थोडे असतात. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबियात शिकत होते तेव्हा डनिंग तेथेच अध्यापन करीत होते, ही गोष्ट मराठी वाचकाला लक्षणीय वाटेल.

त्रुटीही आहेत. कायद्याची भाषा जड आहे, राज्याराज्यांतील घटनाक्रम वेगवेगळा आहे, आणि विषय आवरला नाही तर बारा वर्षांचा गोषवारा लिहिण्यातच पाने संपतात. ‘पुनर्रचना का फसली’ असा प्रश्न जसाच्या तसा शीर्षकात ठेवणाऱ्याने हा विषय घेऊ नये.

न्यू डील

फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४ मार्च १९३३ रोजी सूत्रे हाती घेतली तेव्हा अमेरिकेतील सुमारे एक चतुर्थांश कामगार बेकार होते. पुढे काय झाले याचे उत्तर कोणती आकडेवारी वापरता यावर ठरते, आणि इथेच विद्यार्थ्यांची फसगत होते. सरकारी रोजगार योजनांवर काम करणाऱ्यांना बेकार धरले तर १९४० मधील बेकारी सुमारे १४.६ टक्के येते. त्यांना कामावर असलेले धरले तर ती साडेनऊच्या आसपास येते. पहिल्या आकड्यावरून न्यू डील अपयशी ठरवणारा आणि दुसऱ्यावरून यशस्वी ठरवणारा, दोघेही एकाच वस्तुस्थितीबद्दल बोलत असतात. शिवाय १९३७ मध्ये खर्चात कपात आणि बँकांच्या राखीव निधीच्या अटींत वाढ झाल्यावर पुन्हा घसरण झाली. तिचा अर्थ लावायला समष्टी अर्थशास्त्राची निदान तोंडओळख हवी. ती असेल तर हा विषय फार समाधान देणारा आहे. नसेल तर आकडे सजावटीसारखे राहतात, आणि परीक्षकाला ते लगेच कळते.

अर्थशास्त्र टाळून न्यू डीलवर लिहिण्याचा मार्ग आहे, तो म्हणजे कोण वगळले गेले हे विचारणे. ऑगस्ट १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या वृद्धापकाळ योजनेतून शेतमजूर आणि घरकामगार बाहेर ठेवले गेले, आणि कृष्णवर्णीय कामगारांपैकी निम्म्याहून अधिक याच कामांत होते. दक्षिणेतील संसद सदस्यांच्या दबावामुळे हे घडले, की अशा विखुरलेल्या कामगारांकडून वर्गणी गोळा करणे प्रशासनाला अवघड वाटले म्हणून घडले, यावर अभ्यासकांत खरा मतभेद आहे, आणि संसदेच्या समित्यांपुढील साक्षी छापील स्वरूपात उपलब्ध आहेत. हा प्रश्न पुनर्रचनेच्या प्रश्नाइतकाच चांगला आहे, पण साक्षी लांब आणि रुक्ष आहेत, आणि त्यांत वगळलेल्यांचा आवाज जवळपास नाही. एडिस्टोच्या अर्जांशेजारी त्या ठेवल्या तर माझा कौल पुनर्रचनेकडे का झुकतो ते कळेल.

निवड करताना

हाताशी दहा दिवसच असतील, किंवा इंग्रजीत दीर्घ लेखन करण्याचा सराव नसेल, तर यादवी युद्ध घ्यावे, मात्र पंधरांपैकी अकरा राज्यांचा प्रश्न धरून. साधने कमी, भाषा सरळ, तर्क स्पष्ट. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असणाऱ्याने न्यू डील घ्यावी आणि बेकारीच्या दोन मोजणींपैकी कोणती का स्वीकारली हे पहिल्याच पानावर सांगावे. महिनाभर वेळ असलेल्या, आणि विशेषतः पुढे कायदा, राज्यशास्त्र किंवा समाजशास्त्राकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पुनर्रचनेसारखा दुसरा विषय नाही.

मराठी विद्यार्थ्यांना एक मोह हमखास होतो, तो म्हणजे जातिव्यवस्थेशी तुलना करण्याचा. त्यामागे परंपरा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्याबद्दल अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, आणि तेच वर्ष कोलफॅक्सचे होते. ही दोन टोके शेजारी ठेवण्याची ओढ मी समजू शकतो, आणि त्यावर स्वतंत्र निबंध जरूर व्हावा. पण तो अमेरिकी इतिहासाच्या निबंधाचा शेवटचा परिच्छेद म्हणून येऊ नये, कारण तेथे त्याला पुरावा द्यायला जागा उरत नाही आणि दोन्ही बाजूंवर अन्याय होतो. तुलना करायचीच असेल तर अध्यापकांची परवानगी आधी घ्यावी आणि ती मुख्य विधानातच मांडावी. हीच गोष्ट मुंबईच्या कापसाची. युद्धामुळे अमेरिकेचा कापूस थांबला, मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला, हा प्रसंग यादवी युद्धाच्या कारणांच्या निबंधात तळटीपेपुरताच बसतो. युद्धाच्या जागतिक परिणामांवरील प्रश्न यादीत असेल तर मात्र तो निवडावा, कारण त्याची कागदपत्रे मराठी मुलखाजवळची आहेत आणि ती वाचणारे अमेरिकेतील वर्गात फार थोडे असतील.

विषय ठरला की पहिल्या आठवड्यात ग्रंथ वाचू नयेत, साधने वाचावीत. कोलफॅक्स घेणाऱ्याने क्रूइकशँक खटल्याचा निकाल आणि चौकशीतील लुइझियानाच्या शेजारच्या मिसिसिपीच्या साक्षी आधी वाचून, न्यायालयाने केलेला राज्य आणि खासगी व्यक्ती हा भेद त्या साक्षींपुढे कितपत टिकतो, याचे आपले उत्तर दोन वाक्यांत लिहून काढावे, आणि मगच फोनर उघडावेत. तसे केले म्हणजे त्यांच्याशी कोठे सहमत व्हायचे आणि कोठे नाही, हे आपल्या स्वतःच्या वाचनावरून ठरवता येते.