कंपनीची बस की स्वतःची गाडी?

मोठ्या कारखान्यात पार्किंगचं खरं दुखणं शिफ्ट बदलताना कळतं. फर्स्ट शिफ्टच्या गाड्या अजून आतच, आणि सेकंड शिफ्टवाले जागा शोधत फिरतायत. म्हणजे अर्धा तास का होईना, दोन्ही शिफ्टना पुरेल एवढी जागा लागते. एक कार उभी करायला साधारण 12 चौरस मीटर, पण वळायची वाट धरली तर 25 च्या घरात. आणि आत बहुतेक वेळा एकटाच माणूस! बस पन्नासेक जणांना उतरवते आणि बाजूला होते.

पण बसला ओव्हरटाइम कळत नाही. मशीन ऐनवेळी अडलं, वीस मिनिटं उशीर झाला, की बस गेलेली. मग दुसऱ्या दिवशी माणूस गुपचूप बाइक काढतो. त्याला दोष तरी कसा द्यायचा? इथे स्वतःची गाडीच सरस.

माझं मत तरीही बसला, पण उशिराची एक फेरी असेल तरच. आणि थांबा मालाच्या ट्रकांच्या वाटेपासून लांब हवा. रिव्हर्स येणाऱ्या ट्रकच्या मागून डबा हलवत जाणारी माणसं पाहिली की काळजाचा ठोका चुकतो.