ग्रुपवरची महिन्याची फोटोस्पर्धा: अकरा महिन्यांनंतर

मत कोणी कोणाला दिलं हे सगळ्यांना दिसत असेल, तर ग्रुपवर स्पर्धा घेऊ नका. बाकीचं निवांत वाचा, पण एवढं आधी सांगते.

आमचा ग्रुप व्हॉट्सॲपवर आहे, तीनशेच्या आसपास माणसं. निम्मी खानदेशातली, अमळनेर, चोपडा, शिरपूर, शहादा इकडची आणि बाकीची पोटापाण्यासाठी सुरत, नाशिक, पुण्याला गेलेली. संक्रांतीपासून दर महिन्याला मी तिथे फोटोस्पर्धा घेते. विषय घरचेच. जानेवारीत तापीकाठ, मग केळीचा बाग, मग गच्चीवरचं वाळवण. आलेल्या फोटोंना क्रमांक द्यायचे, ग्रुपवर टाकायचे आणि खाली पोल, म्हणजे व्हॉट्सॲपमधली मतदानाची सोय, लावायचा. पैसा लागत नाही, कोणाला काही शिकवावं लागत नाही. पहिले तीन महिने मी भेटेल त्याला सांगत होते की पोलइतकं सोपं दुसरं काही नाही.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळं बिनसलं. विषय होता झोका. लेकी माहेरी आलेल्या, निंबाच्या फांदीला दोर बांधलेले, घराघरांत गौराई बसलेली. एकतीस फोटो आले, तोवरचे सगळ्यात जास्त. एका पोलमध्ये बाराच पर्याय बसतात, म्हणून तीन पोल करावे लागले. तिसऱ्या पोलपर्यंत येता येता लोक थकतात. पहिल्याच्या निम्मीही मतं तिथे पडली नाहीत. ते तेव्हा मला किरकोळ वाटलं, कारण संध्याकाळी एका वहिनींचा फोन आला. "मना फोटोले मत नही दिन्हं ना तिनी!" तिनी म्हणजे त्यांच्या सख्ख्या जाऊबाईंनी. फोटोंवर नावं नव्हती, पण स्वतःच्या अंगणातला निंब कोण ओळखत नाही? पोलखाली मतं पाहायची सोय असते, तिच्यावर बोट ठेवलं की कोणी काय निवडलं त्याची नावानिशी यादी उघडते. ग्रुपमधल्या बहुतेकांना हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग रात्रभर मतं हलत राहिली, कारण दिलेलं मत बदलताही येतं. ज्यांचा ट्रॅक्टर दरवर्षी भाड्याने घ्यायचा, त्यांच्या मुलाच्या फोटोकडे एकदम सात मतं सरकली. एका घरातली चारही मतं एका रांगेत जाऊन बसली. रात्री नऊला पुढे असलेला फोटो सकाळी तिसरा होता. तो खरोखर सुंदर होता: झोका सगळ्यात वर गेलेला, मुलीचे पाय आभाळात आणि खाली आजीचा फक्त हात. तो काढणारी मुलगी कॉलेजात शिकते. तिने मला एकच विचारलं, "काकू, माझं काय चुकलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती यादी पोलमध्ये पहिल्या दिवसापासून दिसत होती. मी ती कधी उघडून पाहिली नव्हती, म्हणून चूक माझीच.

पुढच्या महिन्यापासून गूगल फॉर्म वापरते. यात कोणाचं मत कुठे गेलं ते दुसऱ्याला दिसत नाही. निकालाचा सारांश मतदारांना दाखवायची सोय तेवढी बंद ठेवायची. पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी आपोआप बदलता येतो, त्यामुळे शेवटच्या फोटोवर अन्याय होत नाही. एका माणसाला एकच उत्तर ही अट घातली तर मात्र गूगल खात्यात शिरावं लागतं आणि आमच्या मावश्या-आत्यांना पासवर्ड कुठून आठवणार? मी अट काढली. त्या महिन्यात एका फोटोला रात्री दोनच्या सुमारास मिनिटामिनिटाच्या अंतराने एकोणीस मतं पडली. प्रत्येक उत्तराची वेळ फॉर्मला जोडलेल्या शीटमध्ये नोंदली जाते, म्हणून सापडलं. अट परत घातली. आता मावश्या नातवंडांना हाताशी धरून मत देतात.

फोटो फॉर्ममधूनच मागवायचा मोहही झाला होता. करू नका. ते सगळे फॉर्म काढणाऱ्याच्या गूगल ड्राइव्हमध्ये, म्हणजे गूगलवरच्या साठवणीत, जमा होतात, आणि फुकटच्या १५ जीबीत मेलही येते आणि गूगल फोटोजही. फुकट चाललेल्या कामासाठी मी महिन्याचे पैसे भरणार नाही. त्यात आणखी एक पेच आहे. फाइलच्या नावाशेवटी पाठवणाऱ्याचं नाव आपोआप जोडलं जातं, म्हणजे फाइल उघडणाऱ्याला सगळं आधीच कळतं. आता फोटो मला थेट पाठवायचा, तोही डॉक्युमेंट म्हणून. साधा फोटो म्हणून पाठवला तर तो दाबला जातो आणि कधी काढला ती नोंदही पुसली जाते. डॉक्युमेंटमध्ये तारीख शाबूत राहते, आणि तीन वर्षांपूर्वीचा बैलपोळा यंदाचा म्हणून खपत नाही.

इथवरचं मी आषाढात लिहून ठेवलं होतं आणि गुप्त मतदानाला पाचपैकी पाच दिले होते. आता कार्तिक संपत आलाय आणि पाचाचे चार करते.

गुप्त मतदानाने भांडण गेलं, पण त्याबरोबर बोलणंही गेलं. श्रावणात कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाचा, विषय ठेवला. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी रोटांचा नैवेद्य, सजवलेली चौरंगावरची कानबाई, गर्दी. तरी फोटो आले बारा. आधी लोक मतं मोजत का होईना, फोटो परत परत उघडून पाहायचे. आता फॉर्म भरला की विसरले. बक्षीस वाढवून पाहिलं: पाचशे रुपयांची फ्रेम. ती पुण्याला पोहोचली तेव्हा काच फुटलेली होती, आणि पोहोचवणारे नि फ्रेम करणारे एकमेकांकडे बोट दाखवत राहिले. माझे पाचशे गेले. पुढच्या महिन्यातही फोटो चौदाच.

ज्याने फरक पडला त्याला एक रुपया लागला नाही. धुळ्याचे एक जिभाऊ (आमच्याकडे वडीलधाऱ्या भावाला असं म्हणतात) आहेत, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांना विनंती केली की निकालाआधी प्रत्येक फोटोवर दोन ओळी लिहा. जिंकणाऱ्यावर लिहाल तेवढंच शेवटच्यावरही. त्यांनी एका शेतकरी दादांच्या अंधुक फोटोवर लिहिलं की बैलाच्या डोळ्यातला दिवा तुम्हाला दिसला, इतर कोणाला दिसला नाही. पुढच्या वेळी मोबाइल कशाला तरी टेकवा. त्या दादांनी त्यानंतर एकही महिना चुकवलेला नाही. नवरात्रात सव्वीस फोटो, दिवाळीत अडतीस. मतं आता निकालात निम्मी धरतो आणि जिभाऊंचे गुण निम्मे. जिभाऊंना एवढं लिहायला दोन रात्री लागतात. त्यांना प्रवास असला की मला निकाल पुढे ढकलावा लागतो. तरी लोक थांबतात. निकाल कधी, असं विचारण्याआधी जिभाऊंनी लिहिलं का, असं विचारतात.

झोक्यावरून रागावलेल्या वहिनी मधले तीन महिने गप्प होत्या. दिवाळीत त्यांनी फराळाचा फोटो पाठवला, त्यात शेव पाडणारे हात जाऊबाईंचे.

मार्गशीर्षाचा विषय भरीत. ज्या वांग्याला २०१६ साली जळगावच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळालं, ती हिरवी वांगी बाजारात आली आहेत. शेतात काड्यांवर भाजताना काढा, गॅसवरचं चालणार नाही. फोटो डॉक्युमेंट म्हणून, रविवारी रात्री आठपर्यंत. नऊ वाजता आलेला घेणार नाही, सख्ख्या भावाचाही नाही.