हिरड्यांसाठी माउथवॉश: क्लोरहेक्सिडीन घ्यावं, सीपीसी की तेलांचं?

ब्रश करताना थुंकीत रक्त दिसलं की आपण मेडिकलमध्ये जातो आणि 'एखादा चांगला माउथवॉश द्या' म्हणतो. मग हातात काय पडतं ते बाटलीच्या रंगावर आणि पुदिन्याच्या वासावर ठरतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. दातांवरचा चिकट थर, म्हणजे प्लाक, आणि त्याने सुजणाऱ्या हिरड्या यांच्यासाठी भरपूर अभ्यास झालेले घटक तीनच आहेत: क्लोरहेक्सिडीन, सीपीसी (सेटिलपायरिडिनियम क्लोराइड) आणि वनस्पतिज तेलांचं मिश्रण.

ताकदीत क्लोरहेक्सिडीन सगळ्यांच्या पुढे. आपल्याकडे ते बहुधा ०.२ टक्के असतं. १० मिली घेऊन मिनिटभर खळखळायचं, सकाळ-संध्याकाळ. ०.१२ टक्क्याची बाटली असेल तर १५ मिली, अर्धा मिनिट. याचा रेणू धनभारित असतो. तो दातांवरच्या लाळेच्या पातळ थराला आणि गालाच्या आतल्या त्वचेला चिकटून बसतो आणि तिथून हळूहळू सुटत राहतो. म्हणून थुंकून टाकल्यावरही असर जवळपास बारा तास टिकतो. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली दाखवून दिलं, की ब्रश पूर्ण बंद ठेवूनही दिवसातून दोनदा ही चूळ भरली तर प्लाक साचत नाही. त्यानंतर दुसऱ्या घटकांची तुलना याच्याशीच होत आली.

पण ते महिनोन्महिने वापरायचं औषध नव्हे. काही आठवड्यांत दातांवर, जिभेवर, सिमेंट भरलेल्या जागी तपकिरी डाग चढतात. चहा-कॉफी चालू असेल तर जास्तच, आणि आपल्याकडे चहा कोण सोडणार? चव बिघडते, विशेषतः खारट चव मंदावते. आमटीत मीठ व्यवस्थित असूनही ती अळणी लागते. टार्टर, म्हणजे दातांवर कडक होऊन बसलेला थर, तेही वाढू शकतं. क्वचित कुणाला तीव्र ॲलर्जी येते. आणि फायदा किती? वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात ५१ अभ्यास तपासले गेले. प्लाक चांगलाच घटला; पण ज्यांची हिरडीची सूज मुळात सौम्य होती, त्यांच्यात ० ते ३ च्या मोजपट्टीवर सुधारणा ०.२१ इतकीच निघाली. एवढी घट प्रत्यक्षात फारशी जाणवणार नाही, असं आढावा घेणाऱ्यांचंच मत होतं.

याचा आणखी एक नाजूक भाग आहे, जो बाटली देताना सहसा कुणी सांगत नाही. बहुतेक टूथपेस्टना फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट ऋणभारित असतं. ते क्लोरहेक्सिडीनला धरून ठेवतं आणि औषधाची ताकद उतरते. त्यामुळे ब्रश केल्यावर निदान अर्धा तास थांबून मगच चूळ भरा. चूळ थुंकल्यावर लगेच पाण्याने तोंड धुऊ नका, नाहीतर कडवटपणा आणखी जाणवतो.

तेलांचा माउथवॉश म्हणजे लिस्टरीनच्या मूळ प्रकारातलं मिश्रण: थायमॉल, युकॅलिप्टॉल, मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट. थायमॉल आपल्या ओव्यातही असतं, त्याचा तो तिखट झणका त्यामुळेच. प्लाक रोखण्यात हे क्लोरहेक्सिडीनपेक्षा मागे आहे. मात्र चार आठवडे किंवा जास्त चाललेल्या अभ्यासांचा २०११ मध्ये एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा हिरडीची सूज कमी करण्यात दोघांत ठळक फरक आढळला नाही. डागांचा त्रासही कमी. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो, कारण रोज वापरायला हा पर्याय त्यामुळेच जमतो. अडचण आग होण्याची. जुन्या प्रकारात २० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं. तोंड कोरडं पडणाऱ्यांनी, तोंडात फोड येणाऱ्यांनी आणि दारू सोडलेल्यांनी बिनअल्कोहोलची बाटलीच घ्यावी.

सीपीसी सगळ्यांत सौम्य. तेही धनभारित, पण तोंडात तीन ते पाच तासच टिकतं, म्हणून असर मध्यम. चव बरी, आग नाही, डाग पडले तरी थोडे. टक्केवारी ०.०५ च्या आसपास किंवा वर आहे का, ते पाहा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. सोडियम फ्लोराइड किडीसाठी, हिरडीसाठी नाही. पोटॅशियम नायट्रेट थंड-गरम झोंबण्यावर. पोव्हिडोन आयोडीनच्या गुळण्या घशाला ठीक, रोजच्या प्लाकसाठी नाहीत. थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या करू नका. कोमट मिठाच्या पाण्याने सुजलेल्या हिरडीला आराम पडतो, प्लाक निघत नाही.

मी ठरवेन ते असं: अक्कलदाढ काढली आहे, हिरडीची शस्त्रक्रिया झाली आहे, ब्रश लावणंच अशक्य आहे, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन आठवडे क्लोरहेक्सिडीन, नंतर बंद. दातांना तारा आहेत किंवा ब्रश करूनही हिरड्या लालसर राहतात, तर तेलांचा. तो झोंबत असेल तर सीपीसी. सहा वर्षांखालच्या मुलांना यांतलं काहीच नको, ती गिळून टाकतात.

यांतलं कुठलंही द्रव हिरडीच्या खाली फारसं उतरत नाही आणि कडक झालेलं टार्टर विरघळवत नाही. दोन दातांमधला थर फ्लॉसने किंवा छोट्या इंटरडेंटल ब्रशनेच निघतो आणि टार्टरला स्केलिंगच, म्हणजे डेंटिस्टकडून खरवडून घेणंच, लागतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून कमी रक्त येतं, म्हणून खालचा आजार वाढला तरी कळत नाही. त्यांनी रक्ताची वाट न पाहता तपासून घ्यावं. मधुमेह असणाऱ्यांनीही तसंच. दात हलत असतील, हिरडीतून पू येत असेल किंवा दोन आठवडे नीट ब्रश करूनही रक्त थांबत नसेल, तर दुसरी बाटली घेण्याआधी डेंटिस्टची वेळ घ्या.