बासेंजीसाठी लघवीची पट्टी: घ्या, पण टिनाच्या छपराखाली ठेवू नका

बासेंजी ही मूळची आफ्रिकेतली कुत्र्याची जात. तिच्यासाठी लागते ती लघवीतली साखर दाखवणारी, तालुक्याच्या मेडिकलमध्ये मधुमेहाच्या पेशंटला मिळते तीच पट्टी. कुत्र्यासाठी वेगळी शोधू नये. दुकानदार दहा तपासण्यांची रंगीत पट्टी पुढे करतो. बासेंजीला साखरेचा एक चौकोन पुरतो, म्हणून साखर आणि प्रथिनं एवढंच दाखवणारी स्वस्त बाटली घ्यावी.

गरज का? फॅन्कोनी नावाचा या जातीतला आजार. मूत्रपिंड रक्तातली साखर परत शोषून घेत नाही, ती लघवीवाटे जाते. हे बहुधा चार ते सात वर्षांच्या वयात सुरू होतं. पहिली खूण म्हणजे कुत्रं पाणी जास्त पितं. आता मे महिन्यात विदर्भात कोणतं कुत्रं कमी पाणी पितं? त्यामुळे ती खूण इथे हमखास निसटते. तिसऱ्या वर्षापासून महिन्याला एक पट्टी लावावी.

आजार वंशातून येतो. काँगोतून बाहेर गेलेल्या मोजक्या कुत्र्यांवर पाश्चात्त्य वंश उभा राहिला. १९८७ आणि १९८८ मध्ये आफ्रिकेतून नवी कुत्री आणली गेली, १९९० मध्ये अमेरिकन केनेल क्लबने त्यांच्यासाठी जातीची वंश-नोंदवही उघडली. अंगावरचे वाघपट्टे तिथून अमेरिकी वंशात आले. पट्टे दिसले म्हणजे आजार नाही, असं मात्र नाही. आई-बाप दोघेही वाहक (स्वतः निरोगी, पण सदोष जनुक बाळगणारे) असतील तर दर पिलाला धोका चारात एक. २०११ पासून थेट जनुकाची चाचणी आहे. विकणाऱ्याने पाच पिढ्यांच्या नावांचा कागद दाखवला तरी आई-बापाचा डीएनए रिपोर्ट मागावा. दोघेही ‘क्लिअर’, म्हणजे सदोष जनुक नसलेले, असतील तर ही बाटली घेऊच नका.

वापर सोपा आहे. सकाळची पहिली लघवी पळीत धरावी. मादी खाली बसते, तिला डब्याचं उथळ झाकण. भांड्यात ब्लीचचा अंश राहिला तर नसलेली साखर दिसते. पट्टी क्षणभर बुडवून कड टिपावी, आडवी धरावी आणि बाटलीवर लिहिलेल्या सेकंदालाच रंग जुळवावा. तोही उजेडात, पिवळ्या बल्बखाली नाही. क जीवनसत्त्वाची गोळी चालू असेल तर असलेली साखरही लपते.

साखर दिसली तर लगेच इन्सुलिन नको. आधी ढोरांच्या डॉक्टरकडून रक्तातली साखर पाहावी. तीही वाढलेली असेल तर मधुमेह; ती नॉर्मल असेल तर फॅन्कोनीचा संशय, मग रक्तातलं आम्ल-क्षार प्रमाण तपासायला नागपूर गाठावं.

खरी तक्रार साठवणीची. बाटलीवर कमाल ३० अंश लिहिलेलं असतं, आपल्याकडे पारा ४५ ला जातो. फ्रीजमध्ये ओल धरते, तिथेही नको. मातीच्या भिंतीच्या आतल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. आतली ओल शोषणारी पुडी फेकू नये. शंभर पट्ट्या एका कुत्र्याला जास्तच होतात, पण कागदात बांधून शेजाऱ्याला वाटल्या तर श्रावणात सगळ्या वाया.

बाटली खराब झाली का, हे पाहायला ग्लासभर पाण्यात साध्या ग्लुकोज पावडरचा अर्धा चमचा घालून पट्टी बुडवावी. संत्र्याच्या चवीची पावडर नको, तिच्यात बहुधा क जीवनसत्त्व असतं. घरची साखरही चालत नाही, तिला पट्टी ओळखतच नाही. रंग बदलला नाही तर बाटली टाकून द्यावी.