सुखोई-७ ची प्रतिकृती आणि ग्रुप कॅप्टन पारुळकर : नौपाड्यातील एका खरेदीविषयी

ठाण्यात नौपाड्यातील एका जुन्या खेळण्यांच्या दुकानात विमानांचे जुळणी-संच मिळतात. त्यांतील सुखोई-७ या लढाऊ विमानाचा १:७२ प्रमाणातील संच मी घेतला, तो भारतीय वायुसेनेचे वैमानिक ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर यांच्या आठवणीखातर. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. १९७१ च्या युद्धात ते ज्या जातीच्या विमानातून लढले, ते आमच्या सोसायटीतल्या मुलांना हातात घेऊन पाहता यावे, एवढीच इच्छा होती.

जुळणीच्या बाबतीत संच उत्तम आहे. धडाचे दोन्ही भाग कानसीचा हातही न लावता बसतात. तीव्र कोनात मागे झुकलेले पंख, नाकाच्या तोंडातला शंकू आणि पंखांच्या मुळाशी एकेक ३० मिलिमीटरची तोफ हे सर्व नेमके उतरले आहे. पोटाखालच्या दोन जादा टाक्या मुलांना लगेच दिसतात आणि त्या कशाला, हा प्रश्न येतोच. सुखोई-७ इंधन फार पीत असे, त्यामुळे त्याचा पल्ला तोकडा होता. मात्र मार खाऊनही परत येण्याइतके ते चिवट होते, आणि शत्रूच्या भूमीवर कमी उंचीवरून हल्ले करण्याचे काम त्याला दिले जाई.

मनाला खटकते ती वैमानिकाची खुर्ची. तो नुसता एक ठोकळा आहे. त्यावर पट्टे नाहीत की संकटात खुर्चीसह विमानाबाहेर फेकले जाण्यासाठी ओढायची कडी नाही. एरवी मी याकडे दुर्लक्ष केले असते, पण पारुळकरांच्या गोष्टीत ही खुर्चीच महत्त्वाची आहे. १९६५ च्या युद्धात त्यांच्या विमानाला गोळीबार लागला, उजव्या खांद्याला जखम झाली आणि विमान सोडून देण्याचा सल्ला त्यांच्या तुकडीच्या नेत्याने दिला; तरी त्यांनी ते विमान तळावर परत आणले, त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले. १० डिसेंबर १९७१ रोजी मात्र सुखोई पडले, त्यांना उडी घ्यावी लागली आणि ते युद्धकैदी झाले.

रावळपिंडीच्या छावणीतून त्यांनी आणि एम. एस. ग्रेवाल व हरीश सिंहजी या सोबतच्या युद्धकैदी वैमानिकांनी ऑगस्ट १९७२ मध्ये भिंतीला भगदाड पाडून पलायन केले. वैमानिकाच्या जी-सूटमधल्या (वेगवान वळणांत शरीरावर येणारा ताण सोसण्यासाठीच्या पोशाखातल्या) रबरी पिशव्या त्यांनी पाण्यासाठी वापरल्या, हा तपशील मुलांना सर्वांत जास्त आवडला, आणि का आवडू नये? पेशावरमार्गे ते लंडीकोतलपर्यंत पोहोचले. अफगाणिस्तानची सरहद्द आता जवळच होती. तिथे त्यांनी लंडीखाना स्थानकाकडे जाण्याचा रस्ता विचारला, ते स्थानक १९३२ पासूनच बंद होते, आणि संशय येऊन ते पकडले गेले. अखेर १ डिसेंबर १९७२ रोजी वाघा येथून ते मायदेशी परतले.

संचासोबतच्या माहितीपत्रकात यातले काहीच नाही. भारतीय वायुसेनेचा उल्लेख केवळ विमानावर चिकटवायच्या तिरंगी गोल चकत्यांच्या चित्रापुरता आहे. ही उणीव मला कोणत्याही तांत्रिक दोषापेक्षा मोठी वाटते. म्हणून मी एक पानी मराठी टिपण तयार करून दुकानदारांना दिले आणि त्यांनी ते आनंदाने या संचासोबत द्यायला सुरुवात केली. त्यात पुढचे आयुष्यही मुद्दाम लिहिले आहे. पलायनाच्या नेतृत्वासाठी मिळालेले विशिष्ट सेवा पदक, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील बटालियन कमांडरची जबाबदारी, सिंगापूर येथे प्रशिक्षक म्हणून केलेले काम, या गोष्टी पलायनाच्या चित्तथरारक कथेखाली झाकल्या जातात. खरे तर तुरुंगातून परत आल्यावरही त्यांनी गणवेश उतरवला नाही आणि पुढच्या पिढ्या घडवल्या, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

काही व्यवहारी सूचना. तिरंगी चकत्यांची छपाई थोडी सरकलेली आहे आणि केशरी रंग लालसर उतरला आहे, त्यामुळे त्या वेगळ्या मागवाव्यात. नाकावरची वेगमापकाची बारीक दांडी सर्वांत शेवटी चिकटवावी. लहान मुलांच्या हाती ती टिकत नाही. ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत रंग लवकर सुकत नाही, तेव्हा घाई नसेल तर दिवाळीनंतर जुळणी करणे बरे. किंमत आकाराच्या मानाने जास्त वाटेल, कारण तयार झालेले विमान जेमतेम वीतभर भरते. तरीही दहा वर्षांपुढच्या मुलांच्या पालकांनी तो जरूर घ्यावा आणि टिपण संचासोबत आहे ना, हे दुकानात विचारून घ्यावे.